कमी ओहमचे बुकशेल्फ स्पीकर आणि स्टिरिओ अँप्लिफायर: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एकदा सांगितलेली गोष्ट परत न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. "अँप" हा शब्द इथे फक्त अँप्लिफायरसाठी आहे. करंटचं माप "अँपिअर" असं पूर्ण लिहिलं आहे, कारण दुकानात या दोन्हींचा घोळ हमखास होतो.

१. स्पीकरच्या मागे "४ ओहम" लिहिलंय. म्हणजे नेमकं काय?

स्पीकर करंटला किती अडवतो, त्याचं ते ढोबळ माप आहे. ओहम कमी तेवढी अडवणूक कमी आणि करंट जास्त. अँपने २.८३ व्होल्ट दिले, तर ८ ओहमचा स्पीकर १ वॅट घेतो आणि ४ ओहमचा २ वॅट. व्हॉल्यूमची कळ जागची हललेली नसते, पण अँपमधून निघणारा करंट दुप्पट झालेला असतो. या पानावरच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे. करंट वाढला की त्याच्या वाटेत येणारं सगळंच बोलायला लागतं: वायर, टर्मिनल, रिले (अँपमधला आपोआप चालणारा स्विच), ट्रान्सफॉर्मर आणि भिंतीतला सॉकेटसुद्धा.

ढोबळ म्हणायचं कारण असं की हा आकडा सगळ्या स्वरांना सारखा लागू होत नाही. पोर्ट (हवेचं भोक) असलेल्या लहान स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे हीच ओहममधली अडवणूक, खर्जात दोनदा वर चढतो, कधी वीस-तीस ओहमपर्यंत जातो, आणि मग साधारण १५० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात तळ गाठतो. पुरुषाच्या आवाजाचा आणि पखवाजाचा भर नेमका याच पट्ट्यात असतो. आयईसी ६०२६८-५ या मानकानुसार हा तळ छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. म्हणजे ८ ओहमवाल्याचा ६.४, ६ वाल्याचा ४.८ आणि ४ वाल्याचा ३.२. सगळे उत्पादक ते पाळतातच असं नाही.

२. मग "८ ओहम" लिहिलेला स्पीकर घेतला की प्रश्न मिटला ना?

नाही. उदाहरण म्हणून २०१२ साली आलेला केईएफ कंपनीचा एलएस ५० हा स्पीकर पाहा. कंपनीच त्याचा इम्पीडन्स ८ ओहम आणि किमान ३.२ ओहम असा देते, सेन्सिटिव्हिटी (ठरावीक व्होल्टला निघणारा आवाज) ८५ डेसिबल. कंपनीने किमान आकडा छापला हा प्रामाणिकपणाच, पण अँप निवडताना याला ४ ओहमचाच धरावा.

शिवाय कोनाचा भाग असतो. स्पीकर हा नुसता रेझिस्टन्स नव्हे. काही स्वरांना करंट व्होल्टेजच्या पुढे-मागे चालतो, आणि तेव्हा अँपच्या आउटपुट ट्रान्झिस्टरवर व्होल्टेज आणि करंट दोन्हींचा भार एकाच वेळी पडतो. अशा जागी ४ ओहमचा स्पीकर ट्रान्झिस्टरला २ ओहमसारखा जड वाटू शकतो. म्हणून किमान इम्पीडन्सबरोबर फेज अँगल, म्हणजे हा पुढे-मागे होण्याचा कोनही पाहावा. किमान ओहमच्या आसपासच कोन ४०-४५ अंशांच्या पुढे असेल, तर तो स्पीकर खरोखर जड.

३. माझ्या अँपवर "६ ते १६ ओहम" छापलंय. ४ ओहमचे लावले तर जळेल का?

लावल्या लावल्या जळणार नाही. बोलताना ऐकू येईल इतक्या आवाजात अँप १ वॅटच्या आसपासच देत असतो, तिथे कुठलाही धड अँप तग धरतो. धोका आवाज वाढवल्यावर, आणि तोही सतत वाढवून ठेवल्यावर. त्याच व्होल्टेजला करंट दुप्पट होतो, ट्रान्झिस्टरमधली उष्णताही जवळपास दुप्पट. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) तेवढा मोठा नसेल तर प्रोटेक्शन अँपला बंद पाडतं. ज्या स्वस्त अँपमध्ये प्रोटेक्शनच नसतं, तिथे ट्रान्झिस्टर जातो, आणि जाताना पुष्कळदा वूफरला घेऊन जातो.

हळू आवाजात, उघड्यावर ठेवलेल्या अँपवर चालवा. शोकेसच्या काचेमागे ठेवून गणपतीत दिवसभर आरत्या लावायच्या असतील, तर नको.

४. किती वॅटचा अँप घ्यावा? दुकानदार म्हणतो १०० वॅट लागतीलच.

हिशोब करून पाहू. स्पीकर ८५ डेसिबलचा, म्हणजे २.८३ व्होल्टला १ मीटरवर तेवढा आवाज. ऐकण्याची जागा ३ मीटरवर. बंद खोलीत या अंतरामुळे साधारण ७ डेसिबल जातात, दोन स्पीकर असल्याने ३ मिळतात. उरले ८१. सरासरी ८० डेसिबलला गाणं ऐकायचं, तर तबल्याच्या थापेला आणखी १५-१७ डेसिबलची मोकळीक हवी, म्हणजे शिखर ९७ धरू. ८१ वरून ९७, म्हणजे १६ डेसिबलची चढण. त्यासाठी व्होल्टेज ६.३ पट, म्हणजे जवळपास १८ व्होल्ट लागेल.

या १८ व्होल्टला ८ ओहमवर ४० वॅट होतात, ४ ओहमवर ८० आणि ३.२ ओहमवर १००. म्हणजे दुकानदार आकड्यात चुकत नाही, पण हे १०० वॅट ८ ओहमवरचे नव्हेत. शिखराचा करंट ३.२ ओहमवर ८ अँपिअरच्या जवळ जातो. तेवढा करंट न अडखळता देणारा ८ ओहमला ५० वॅटचा अँप, फक्त ८ ओहमवर १०० वॅटची फुशारकी मारणाऱ्यापेक्षा इथे उजवा ठरतो.

जुलैत पत्र्याच्या घरात मात्र हा हिशोब कोलमडतो. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना माणूस नकळत आवाज ६ डेसिबलने वाढवतो, आणि ६ डेसिबल म्हणजे चौपट वॅट. ८० चे ३२० झाले. लहान बुकशेल्फ स्पीकर तेवढे पचवतच नाही. सर जाईपर्यंत पाऊसच ऐकावा.

५. माहितीपत्रकात कोणते आकडे पाहायचे?

आधी पीएमपीओचा (क्षणभराच्या फुगवलेल्या वॅटचा) आकडा असेल तर त्यावर काट मारा, त्याला अर्थ नाही. मग पुढील चार गोष्टी एकाच ओळीत दिल्या आहेत का ते पाहा: आरएमएस (सतत देता येणारे) वॅट, दोन्ही चॅनल एकाच वेळी चालवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, आणि १ टक्क्याहून बऱ्याच कमी विकृतीला. "१ किलोहर्ट्झ, १० टक्के, एक चॅनल" असं बारीक अक्षरात असेल, तर तो आकडा निम्म्याच्या आसपास धरावा.

त्यानंतर ८ आणि ४ ओहमच्या आकड्यांचं गुणोत्तर. ८ ला ५० आणि ४ ला १०० असेल तर ट्रान्सफॉर्मर आणि फिल्टर कपॅसिटर दणकट आहेत. ८० असेल तरी छान. ५० चे ५५ च होत असतील, तर पॉवर सप्लाय दमतोय किंवा करंटला मुद्दाम लगाम घातलाय. ४ ओहमचा आकडाच दिलेला नसेल, तर ते न बोलणंच पुरेसं बोलकं आहे.

वजनही पाहावं. जुन्या पद्धतीच्या, लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या अँपमध्ये वजन खोटं बोलत नाही. क्लास डीला (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या हलक्या अँपला) ही परीक्षा लागू नाही, त्यासाठी प्रश्न १३ पाहा.

६. अँपच्या मागे ४ आणि ८ ओहमचं बटण आहे. ४ वर ठेवायचं ना?

हे बटण ४ वर नेलं की बऱ्याच अँपमध्ये ट्रान्सफॉर्मरचं कमी व्होल्टेजचं टॅपिंग लागतं. करंट देण्याची ताकद त्याने वाढत नाही, उलट कमाल आउटपुट घटतं. बदल्यात अँप कमी तापतो. मे महिन्यात बंद कपाटात, जोरात वाजवणार असाल तर ४ वर ठेवा. एरवी उघड्यावरचा अँप ८ वर ठेवून तासाभराने झाकणाला हात लावून पाहा. हात निवांत टेकवता येत असेल तर तसाच राहू द्या. बटण फिरवायचं ते अँप बंद करून.

७. स्पीकरला वायर किती जाडीची? अडीचची पुरते का?

पुरते. जाण्या-येण्याची मिळून वायरची अडवणूक स्पीकरच्या किमान ओहमच्या ५ टक्क्यांत राहावी. ३.२ ओहमला ती मर्यादा ०.१६ ओहम येते. बारीक तारांच्या तांब्याच्या वायरचा हिशोब ५ मीटर अंतरासाठी असा: पाऊण चौरस मिलिमीटरची ०.२६ ओहम, दीडची ०.१३, अडीचची ०.०८ आणि चारची ०.०५. म्हणजे पाऊणची बाद, दीडची काठावर, अडीचची निर्धास्त. ओटीवरून माजघरात १० मीटर न्यायची असेल, तर अडीचची काठावर येते, तिथे चारची घ्या.

वायरमनकडची साधी तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर चालते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर मात्र टाळा. तिची अडवणूक जास्त असते, आणि खाऱ्या हवेत कापलेल्या टोकाशी तिची पांढरी पूड होते. ओळखायची कशी? टोक ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघालं आणि तार हाताला हलकी लागली, तर ती ॲल्युमिनियम.

८. समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर घर आहे. दोन पावसाळ्यांत टर्मिनल हिरवी पडली. त्याने आवाजात फरक पडतो का?

पडतो, आणि कमी ओहमच्या स्पीकरला जास्त पडतो. हवेतलं मीठ धातूवर बसतं, ते दमटपणा ओढून घेतं, आणि पितळ-तांब्यावर कळंक चढतो. सोन्याचा पातळ मुलामा असला तरी स्क्रूच्या आट्यांत तो खरवडला जातो आणि खालचं पितळ उघडं पडतं. समजा, अशा सांध्याने ०.२ ओहम वाढवले. स्पीकर ३.२ ओहमवर असतो तिथे अर्धा डेसिबल गळतो, २० ओहमवर असतो तिथे ०.१ डेसिबलही नाही. म्हणजे आवाज सरसकट कमी न होता त्याचा तोलच ढळतो. ५ अँपिअर वाहताना त्याच सांध्यात ५ वॅट उष्णता होते, सांधा आणखी सैल होतो आणि कळंक आणखी वाढतो.

करायचं असं. अँपचा प्लग काढा, पाच-दहा मिनिटं थांबा. वायरचं टोक २-३ सेंटिमीटर कापून टाका. आतलं तांबं लालसर चकचकीत दिसायला हवं. काळं दिसलं तर आणखी कापा. हातभर कापूनही काळंच असेल, तर वायरच बदला, कारण इन्सुलेशनच्या आतून ओल चढलेली आहे. टर्मिनल काँटॅक्ट क्लीनर आणि ताठ ब्रशने पुसा. चिंचेने किंवा कोकमाने तांब्याचा गडू लखलखतो खरा, पण इथे तो प्रयोग नको: आंबट अंश आट्यांत राहतो आणि आठवड्याभरात आतून खायला लागतो.

नव्या टोकावर नुसतं सोल्डर लावून ते स्क्रूखाली आवळू नये. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं आणि सहा महिन्यांत सांधा ढिला होतो. त्याऐवजी तांब्याचा लग किंवा पिन क्रिंप करा, आवळा, ओढून पाहा. मग बाहेरून व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. आवळण्याआधी नको, नंतर.

नवी वायर घ्यायचीच असेल तर कलई केलेली तांब्याची घ्या. मासेमारी होड्यांच्या वायरिंगला ती वापरतात, त्यामुळे बंदराजवळच्या दुकानांत विचारावी. थोडी महाग पडते, पण दर दोन वर्षांनी टोकं कापत बसावं लागत नाही. सांधे वर्षातून दोनदा तपासावेत, मेअखेर आणि दसऱ्याच्या सुमारास.

९. अँप चालू केल्यावर एका बाजूचा आवाज येतच नाही. व्हॉल्यूम वाढवला की फट्कन येतो, मग नीट चालतो.

स्पीकरच्या वाटेवरच्या रिलेचे काँटॅक्ट काळे पडले आहेत. कमी करंटला तो थर ओलांडता येत नाही, जोराचा आवाज आला की थर फुटतो. किनाऱ्यावर ही तक्रार आतल्या गावांपेक्षा लवकर येते. आधी डावी-उजवी स्पीकर वायर अदलाबदल करा. मुकी बाजू अँपबरोबरच राहिली, तर संशय रिलेवर, नाहीतर प्रश्न ८ कडे जा.

काँटॅक्ट पॉलिश पेपरने घासणारे कारागीर भेटतात. चांदीचा थर निघून जातो आणि काही महिन्यांत तीच रड. रिले बदलून घ्या: कॉइलचं व्होल्टेज तेच, काँटॅक्टचा अँपिअर आकडा तेवढाच किंवा जास्त, आणि शक्यतो सील केलेला. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो, म्हणून हे काम जाणत्यानेच करावं.

१०. संध्याकाळी व्होल्टेज उतरतं तेव्हा आवाज दबल्यासारखा वाटतो. भास आहे की खरं?

खरं आहे, निदान जोरात ऐकताना. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अँपमध्ये आतलं व्होल्टेज बाहेरच्या प्रमाणात उतरतं, आणि वॅट त्याच्या वर्गाने. २३० चे १९० व्होल्ट झाले, तर कमाल वॅट ६८ टक्क्यांवर येतात. म्हणजे प्रश्न ४ मधल्या ८० वॅटचे ५५ राहिले, आणि तबल्याची थाप कापली जाऊ लागली. हळू ऐकताना फरक जाणवायचा नाही.

स्टॅबिलायझर लावायचा तर अँपच्या मागे छापलेल्या वीजवापराच्या दीडपट क्षमतेचा घ्यावा. तो अँपला चिकटून ठेवू नका, त्याच्या ट्रान्सफॉर्मरची घरघर अँपमध्ये शिरते. फोनोची (रेकॉर्ड प्लेअरची) वायर त्याच्याजवळून नेऊ नका. १०० ते २४० व्होल्टवर चालणाऱ्या एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) अँपना स्टॅबिलायझर लागत नाही.

११. लाइट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर अँप चालवला तर?

साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर खुशाल. स्क्वेअर वेव्ह असेल तर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. शिवाय अँपचे कपॅसिटर लहरीच्या शिखरापर्यंत भरतात. २३० व्होल्टच्या साइन लहरीचं शिखर ३२५ ला असतं, चौकोनी लहरीचं २३० लाच. म्हणजे आतलं व्होल्टेज ७० टक्के आणि वॅट निम्मे.

१२. वीज कडाडायला लागली की काय काय काढायचं?

भिंतीतला प्लग, डिश किंवा केबलची वायर आणि इंटरनेटची लॅन वायर, तिन्ही. नुसतं बटण बंद करून भागत नाही, स्विचच्या दोन-तीन मिलिमीटर फटीवरून विजेचा झटका सहज उडी मारतो. स्पीकरच्या वायरी घरातल्या घरातच असतील तर राहू द्या.

सर्ज प्रोटेक्टर अर्थिंगशिवाय फारसा उपयोगाचा नाही. जांभ्याच्या कातळावर अर्थिंग मिळणं अवघड, आणि मेपर्यंत खड्डा कोरडा ठणठणीत. खड्ड्यात पाणी घाला आणि पावसाळ्याआधी वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या.

मोठ्या वादळानंतर वेगळी काळजी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, त्यानंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. एवढ्या खंडानंतर लाइन परत येते तेव्हा न्यूट्रल कुठे सुटलेला असेल, तर घरात २३० ऐवजी ३०० च्या पुढेही व्होल्टेज येऊ शकतं. आधी सॉकेटवर मल्टिमीटर धरा. २२० ते २४० दिसलं आणि पंधरा मिनिटं स्थिर राहिलं, तरच अँपचा प्लग लावा. २६० च्या वर असेल, तर आधी घरचा मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.

१३. ऑनलाइन मिळणारा तळहाताएवढा क्लास डी अँप ४ ओहमला चालेल? त्यावर "१०० वॅट + १०० वॅट" लिहिलंय.

चालेल, आणि पैशाच्या मानाने चांगला चालेल. फक्त आकड्यावर विश्वास नको. अशा अँपची ताकद अडॅप्टरमध्ये असते. २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर जास्तीत जास्त १२० वॅट देतो. त्यातून २०० वॅट आवाज निघणार कुठून? व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहमची दुप्पट, हे सूत्र लक्षात ठेवा. २४ व्होल्टला ४ ओहमवर सैद्धांतिक कमाल ७२ वॅट, प्रत्यक्षात स्वच्छ आवाज पन्नाशीच्या आसपास. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावलात तर सैद्धांतिक कमाल ४५.

एक पथ्य कडक पाळायचं. यातल्या बहुतेक अँपमध्ये स्पीकरचं काळं टर्मिनल अर्थ नसतं, तिथेही सिग्नल असतो. दोन्ही काळी टर्मिनल एकत्र जोडली किंवा बॉडीला लावली की चिप गेलीच.

१४. अर्ध्या तासाने अँप "टक्" करून बंद पडतो. दोष कुणाचा, स्पीकरचा की अँपचा?

बंद पडण्याची वेळ उत्तर देते. चालू केल्या केल्या पडत असेल, तर प्लग काढून मागे टॉर्च मारा: वायरची एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला शिवत असते. तसं नसेल तर दोन्ही स्पीकर काढून अँप चालू करा. तरीही पडला, तर बिघाड आत आहे. (व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या अँपवर हा प्रयोग मुळीच करू नये, प्रश्न २० पाहा.) स्पीकर काढल्यावर नीट राहिला, तर मल्टिमीटरने स्पीकरचा रेझिस्टन्स मोजा. ४ ओहमचा धडधाकट स्पीकर ३ ते ३.६ दाखवतो, ८ चा साडेपाच ते सात. १ किंवा शून्य दिसलं, तर व्हॉइस कॉइल (स्पीकरमधली तारेची गुंडाळी) किंवा क्रॉसओव्हर (स्वर वाटून देणारं सर्किट) शॉर्ट आहे.

फक्त जोराच्या ठोक्याला पडत असेल, तर करंट मर्यादेबाहेर जातोय. अर्ध्या तासाने पडत असेल, तर उष्णता. अँपच्या वर किमान १५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, त्यावर दुसरं यंत्र ठेवू नका. क्रोशाचा रुमाल तर नकोच. क्लास एबी, म्हणजे नेहमीचा जुन्या पद्धतीचा अँप पूर्ण जोरापेक्षा मध्यम-जास्त आवाजात अधिक तापतो, त्यामुळे "मी तर निम्म्यावरच ठेवला होता" हा बचाव चालत नाही.

फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नये. सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर नाहीच नाही.

१५. जांभ्याच्या भिंती, वर कौलं. तालुक्याच्या फ्लॅटमध्ये छान वाजणारे स्पीकर इथे पोकळ का वाटतात?

स्लॅबची बंद खोली खर्ज अडवून धरते आणि फुगवते. कौलांच्या फटींतून तो निघून जातो. मग माणूस बासची कळ वाढवतो, आणि अँपची खरी परीक्षा तिथे सुरू होते: ६ डेसिबल बास वाढवला की त्या पट्ट्यात चौपट वॅट, १० वाढवला की दहापट. तळाचा इम्पीडन्स, लहान वूफर आणि उतरलेलं व्होल्टेज एकत्र आले, की आवाज फाटतो.

कळीला हात लावण्याआधी स्पीकर मागच्या भिंतीकडे सरकवा. ६० सेंटिमीटरवरून २० वर आणला की खर्ज फुकटात भरतो. मागे पोर्ट असेल तर त्यासमोर मूठभर तरी जागा राहू द्या. गिलावा केलेल्या गुळगुळीत भिंती उलट तार स्वर जास्त परतवतात, तिथे समोर एखादी गोधडी किंवा चटई टाकावी. उघडा खडबडीत जांभा तसा कमी त्रास देतो.

१६. स्पीकरला ४ ओहमचा रेझिस्टन्स सीरीजमध्ये जोडला तर अँपला ८ दिसतील ना?

दिसतील, पण निम्मी ताकद त्या रेझिस्टन्सलाच तापवेल. त्याहून वाईट म्हणजे स्पीकर ३.२ ओहमवर असताना आवाज ७ डेसिबल घटेल आणि २० ओहमवर असताना दीडच. साडेपाच डेसिबलचा हा फरक म्हणजे स्पीकर बनवणाऱ्याच्या सगळ्या मेहनतीवर पाणी. करू नये.

१७. ओटीवर एक जोडी, आत एक जोडी. ए आणि बी दोन्ही बटणं दाबली तर?

दोन्ही जोड्या ४ ओहमच्या असतील तर बहुतेक अँपला २ ओहम दिसतात. नको. काही अँप ए+बी करताना जोड्या सीरीजमध्ये घालतात, तिथे अँप सुरक्षित राहतो पण आवाजाचं प्रश्न १६ सारखं होतं. दुसऱ्या जोडीला वेगळा छोटा अँप घ्या. ब्रिज मोडलाही (दोन्ही चॅनल जोडून एकच स्पीकर चालवण्याला) हेच लागू: ब्रिज केलेल्या अँपच्या प्रत्येक अर्ध्याला ४ ओहमचा स्पीकर २ ओहमसारखा दिसतो.

१८. सबवूफर जोडला तर मुख्य अँपवरचा भार कमी होतो का?

फक्त मुख्य स्पीकरचा खर्ज कापला तरच. ८० हर्ट्झच्या हायपास फिल्टरने (त्याखालचे स्वर अडवणाऱ्या) ते होतं. नुसता सबवूफर जोडून स्पीकर पूर्ण वाजत ठेवले, तर अँपचं काम तेवढंच राहतं. स्पीकर टर्मिनलवरून सबला वायर न्यायची असेल, तर आधी प्रश्न १३ मधलं पथ्य वाचा.

१९. माझ्या स्पीकरचा किमान इम्पीडन्स घरी मोजता येईल का?

खालच्या पट्ट्यात येईल. १० ओहम, ५ वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टन्स स्पीकरला सीरीजमध्ये जोडा. मोबाइलवरच्या टोन जनरेटरमधून ५० ते ४०० हर्ट्झ, दर वीस-तीस हर्ट्झला थांबत, हळू आवाजात सोडा. प्रत्येक वेळी एसी व्होल्ट दोन ठिकाणी मोजा, रेझिस्टन्सवर आणि स्पीकरवर. स्पीकरवरच्या व्होल्टला रेझिस्टन्सवरच्या व्होल्टने भागा आणि १० ने गुणा. रेझिस्टन्सवर १.०० आणि स्पीकरवर ०.३६ आले, तर त्या स्वराला ३.६ ओहम. साधे मल्टिमीटर ४०० हर्ट्झच्या पुढे चुकीचं दाखवू लागतात, म्हणून तिथेच थांबा. मोजून झालं की रेझिस्टन्स काढायला विसरू नका.

तुम्हाला खरोखर किती व्होल्ट लागतात तेही कळतं. नेहमीच्या सर्वांत जोरदार आवाजावर कळ ठेवा, अँप बंद करून स्पीकर काढा, पुन्हा चालू करून पूर्ण पातळीच्या १२ डेसिबल खाली असलेला १२० हर्ट्झचा टोन वाजवा आणि टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. त्याची चौपट म्हणजे तुमची कमाल गरज. २ व्होल्ट आले तर ८ व्होल्ट, म्हणजे ४ ओहमवर १६ वॅट. पुष्कळांना एवढंच लागतं. ज्यांना तेवढंच लागतं त्यांनी नवा अँप घेण्याआधी प्रश्न ८ मधली कामं उरकावीत.

२०. व्हॉल्व्हचा अँप आहे. ४ ओहमचे स्पीकर कुठे लावू?

४ ओहमच्या टॅपवर, म्हणजे त्या आकड्याच्या टर्मिनलवर. तळ ३ ओहमच्या जवळ असेल तरी तिथेच. या अँपचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असतो, त्यामुळे प्रश्न १६ मधला परिणाम थोड्या प्रमाणात इथे जन्मजातच असतो. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अँप कधीही चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

२१. देवळात भजनाला वापरतात तो माइकचा अँप पडून आहे. त्याला घरचे स्पीकर लावता येतील?

मागच्या पट्टीवर बघा: कॉमन, ४, ८, १६ ओहम आणि बहुतेक वेळा ७० व १०० व्होल्ट अशी टर्मिनल असतात. घरचा ४ ओहमचा स्पीकर फक्त कॉमन आणि ४ वर. १०० व्होल्टच्या टर्मिनलला लावला तर आवाज वाढवताच स्पीकर जळेल. ती लाइन ट्रान्सफॉर्मर बसवलेल्या भोंग्यांसाठी असते. हा अँप मोनो असतो, म्हणून दोन स्पीकर लावायचे तर ४ ओहमचे दोन सीरीजमध्ये करून ८ वर लावा. स्टिरिओ त्यातून मिळणार नाही.

२२. अँपच्या आत पाल जाऊन शॉर्ट झाला. जाळी लावू का?

उबेसाठी पाली आत शिरतात, कोकणात हे नेहमीचंच. मच्छरदाणीची बारीक जाळी लावू नका, हवा अडते आणि प्रश्न १४ उभा राहतो. ४-५ मिलिमीटर भोकांची नायलॉनची जाळी झाकणाच्या बाहेरून, फटींवर सैलसर बसवा. लोखंडी नको, ती गंजून तिचे तुकडे आत पडतात. जाळीवर साचलेली धूळ महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडा.